उंदराचा दाखला आणि मजुराचा जीव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'औषध' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. ताप आला म्हणून दवाखान्यातून आणतात ते औषध, आणि पऱ्हाटीवर मारायला कृषी केंद्रातून आणतात तेही औषधच. अमुक माणूस औषध मारायला गेला आहे असे कोणी सांगितले, की तो पाठीवर पंप घेऊन वावरात गेला आहे हे इथल्या लहान पोरालाही कळते. शहरातल्या माणसाला याचे हसू येईल. पण आमच्या लोकांनी दोन्हींना एकच नाव दिले त्यात मोठे तथ्य आहे. विष कुठे संपते आणि औषध कुठे सुरू होते हे शेवटी मात्रेवर ठरते, आणि ती मात्रा ठरवणारी परीक्षा दोन्हींची बरीचशी सारखीच असते. दोन्ही बाटल्या बाजारात येण्याआधी उंदरांच्या अंगावरून येतात.

या परीक्षेबद्दल सध्या जगभर मोठी उलथापालथ चालू आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला आणि नवे औषध माणसाला देऊन पाहण्याआधी ते प्राण्यांना देऊन पाहिलेच पाहिजे, ही कित्येक दशकांची सक्ती उठली. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली. मानवी पेशी, त्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले अवयवांचे सूक्ष्म नमुने, चिपवर बसवलेल्या जिवंत पेशी, संगणकावरची गणिते यांना प्राण्यांच्या चाचणीच्या जागी वापरण्याची वाट मोकळी झाली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारच्या औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. आणि पावडर-लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यांत रसायन घालण्याचा प्रकार तर आपल्या देशाने २०१४ सालीच बंद केला होता.

या सगळ्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मुक्या जिवाला पिंजऱ्यात घालून त्याच्या पोटात नळीने विष सोडणे हे कोणत्याही विचारी माणसाला आवडणारे काम नाही. ते करणाऱ्या शास्त्रज्ञालाही आवडत नसेल. परंतु या दयेचा क्रम पाहा. आधी लिपस्टिकचा नंबर लागला, मग गोळ्या-इंजेक्शनांचा. पऱ्हाटीवरच्या औषधाचा नंबर कधी लागणार? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की उंदीर पिंजऱ्यातून सुटल्यावर त्याच्या जागी उभे कोण राहणार? कारण आमच्या जिल्ह्यात त्या जागी माणूस उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे, तोही उंदराची परीक्षा रीतसर पार पडल्यानंतर.

आधी ही उंदराची परीक्षा काय असते ते समजून घेऊ. १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक माप सुचवले. डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारखी तीव्र औषधे तेव्हा दर घाण्याला कमी-जास्त ताकदीची निघत. ती ताकद मोजायची कशी? प्राण्यांचा एक गट घ्यायचा, औषध द्यायचे आणि कोणत्या मात्रेला बरोबर निम्मे प्राणी मरतात ते पाहायचे. या मापाला एलडी-५० म्हणतात. ताकद मोजण्याचे ते भांडे होते, सुरक्षिततेचा दाखला नव्हे. पुढे मात्र जगभरच्या सरकारांनी त्या भांड्याचाच दाखला करून टाकला. एकाच जातीचे, सारख्या वजनाचे, स्वच्छ पिंजऱ्यात, ठरावीक तापमानात वाढलेले उंदीर, त्यांच्या पोटात सोडलेले एकच रसायन, आणि पुढचे १४ दिवस मोजलेले मुडदे, एवढ्यावर हा आकडा निघतो. ही जुनी पद्धत २००२ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतून काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी थोडे प्राणी लागणाऱ्या पद्धती आल्या. उंदीर कमी झाले, आकडा मात्र तसाच गादीवर बसून राहिला.

हा आकडा आपल्या गावात कुठे येतो? तो औषधाच्या डब्यावर येतो. डब्यावर छापलेला रंगीत त्रिकोण तुम्ही पाहिला असेल. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे उंदराच्या एक किलो वजनामागे तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅमला निम्मे मरत असतील तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीवाटे दिल्यास त्याचे आकडे वेगळे आहेत, पण रीत हीच. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून रंग, असा त्यामागचा उद्देश. उद्देश चांगलाच होता. हा कायदाही उगीच झालेला नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचे विष मिसळलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली, त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा आला. म्हणजे ही सुद्धा माणसे मेल्यावरच आलेली अक्कल.

आता २०१७ कडे या. त्या वर्षीच्या खरिपात जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारी माणसे येऊन पडू लागली. कोणाला उलट्या, कोणाला घाम, कोणाचा श्वास अडकलेला. काहींना दिसेनासे झाले, काही जण बेभान होऊन हातपाय झाडू लागले. जिल्ह्यात आठशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण मेले. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतही माणसे दगावली. त्यांत अल्पभूधारक शेतकरी होते आणि त्यांच्याबरोबर रोजाने पंप उचलणारे भूमिहीन मजूर होते. पंप कोणाच्या पाठीवर असतो हे आमच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याला डवरणी संपली की दुसरे काम नाही, तो बौद्ध वस्तीतला, कोलाम पोडावरचा, गोंडांच्या गावातला तरुण फवारणीला जातो, कारण निंदणापेक्षा तिथे चार पैसे जास्त मिळतात.

शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली : प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. साठच दिवस का, असे कोणी विचारील. कारण १९६८ च्या कायद्याने राज्याच्या हाती मुळात तेवढेच दिले आहे. साठ दिवस, फार तर आणखी तीस. कायमची बंदी फक्त दिल्ली घालू शकते. नोव्हेंबरात फवारणीचा हंगाम सरत आलेला असतो, हे दिल्लीला ठाऊक नसले तरी मुंबईला ठाऊक असायला हवे होते.

आणि लगेच दोष कोणावर आला? मजुरावर! त्याने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या दिशेने फवारले, उपाशीपोटी गेला, तंबाखू खाल्ली. यातले काही खरेही असेल. पण ऑगस्ट-सप्टेंबरातल्या यवतमाळच्या दमट उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीच्या ओळीत शिरून, रबरी हातमोजे, गमबूट आणि तोंडावर मास्क लावून, पाठीवर भरलेला पंप घेऊन ज्यांनी दहा मिनिटे चालून पाहिले असेल, त्यांनीच हा दोष द्यावा. बाकीच्यांनी गप्प राहावे.

आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच. ही पाचही औषधे नोंदणीकृत होती. म्हणजे दिल्लीच्या नोंदणी समितीपुढे त्यांची कागदपत्रे गेली होती, त्यांत उंदरांचे आकडे होते आणि ते आकडे पाहूनच विक्रीला परवानगी मिळाली होती. मग उंदरांच्या परीक्षेत जे पास झाले ते आमच्या वावरात नापास का झाले?

उत्तर सोपे आहे. त्या परीक्षेत आमच्या वावरातला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

पहिला प्रश्न श्वासाचा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग तोंडावाटे आणि कातडीवाटे दिलेल्या विषावरून ठरतो. श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या विषाचा त्या रंगाशी संबंधच नाही. आता फवारणी करणारा मजूर काही औषध पीत नाही, तो ते श्वासातून आत घेतो. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, म्हणजे नोझल छातीच्या, तोंडाच्या पातळीवर आले होते. त्यात बॅटरीवर चालणारे पंप आलेले. हातपंपापेक्षा त्यांचा फवारा बारीक आणि जोराचा, तासाभरात दुपटीने औषध उडवणारा. डायफेन्थियुरॉन घ्या. उंदराच्या पोटात दिल्यावर त्याचा आकडा दोन हजारांच्या पुढे जातो, म्हणजे त्या हिशेबाने ते निळ्या घरात बसते, लाल-पिवळ्याच्या खाली. निळा रंग पाहून मजुराने काय समजायचे?

दुसरा प्रश्न उन्हाचा. हेच डायफेन्थियुरॉन सूर्यप्रकाशात आणि किड्याच्या शरीरात गेल्यावर बदलते. त्यापासून कार्बोडायइमाइड नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच बंद पाडतो. म्हणजे खरे विष डब्यात नसते, ते उन्हात तयार होते. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पिंजऱ्यावर आर्णीचे किंवा घाटंजीचे ऊन पडत नाही. शिवाय यावर उतारा नाही. सेंद्रिय फॉस्फेट गटाच्या विषावर ॲट्रोपिन चालते, यावर तसे काही नाही. डॉक्टरने लक्षणे सांभाळत राहायचे एवढेच.

तिसरा प्रश्न मिश्रणाचा, आणि हा सर्वांत मोठा आहे. उंदराला एका वेळी एक औषध देतात. आमच्याकडे पंपात एका वेळी दोन, तीन, कधी चार औषधे पडतात, वरून टॉनिक. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईना, म्हणून कृषी केंद्रवाला जे हाती देईल ते घागरीत ढवळायचे. आता शास्त्र काय सांगते पाहा. सायपरमेथ्रिनसारख्या विषाचे तुकडे करून ते निकामी करणारे कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचे एन्झाइम शरीरात असते. प्रोफेनोफॉस नेमके तेच एन्झाइम बंद पाडते. किड्याच्या शरीरात हे घडावे म्हणूनच तर हे दोन एकत्र विकतात! एक पहारेकरी बांधून ठेवतो, दुसरा घरात शिरतो. किड्याला जे लागू होते ते माणसाला अजिबात लागू होणार नाही, असे कोणत्या उंदराने सांगितले? उंदराची तर गोष्टच वेगळी. उंदराच्या रक्तद्रवात हे कार्बॉक्सिलएस्टरेज भरपूर फिरत असते, माणसाच्या रक्तद्रवात ते नसते. म्हणजे या जातीच्या विषांना उंदराच्या रक्तातच एक ढाल मिळते, ती मजुराजवळ नाही. ढालवाल्याची परीक्षा घ्यायची आणि बिनढालीच्या माणसाला लढाईवर पाठवायचे, असा हा न्याय झाला.

जातीजातींमधला हा फरक फक्त विषापुरता नाही. (इथे जात म्हणजे प्राण्याची जात, हे सांगून टाकतो, नाहीतर आमच्या पानावर या शब्दाचा अर्थ दुसराच होतो.) दवाखान्यातल्या औषधांनीही तो दाखवून दिला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात गरोदर बायकांना दिलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो मुले हातापायांविना जन्मली. नंतर गाभण उंदरांना ते देऊन पाहिले तर त्यांच्या पिलांवर तसा परिणाम सहजी दिसेना, सशांमध्ये मात्र दिसला. मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात टीजीएन-१४१२ नावाचे नवे औषध सहा धडधाकट तरुणांना दिले गेले. माकडांनी जी मात्रा पचवली होती तिच्या पाचशेव्या हिश्श्याएवढीच मात्रा होती, तरी काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. आणि आपल्या आकाशातली गिधाडे? गुरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक गुरांना मानवले, पण मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारतातली बहुतेक गिधाडे संपल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एका जिवाचा दाखला दुसऱ्याला चालत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

तरीही प्राण्यांवरचे सगळे उद्यापासून बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण आमच्या वावरात साप आहेत. फवारणीच्याच दिवसांत, त्याच धुऱ्यावर, त्याच अनवाणी पायाला घोणस चावते. तेव्हा जीव वाचवते ती लस घोड्याच्या रक्तातून काढलेली असते. मुंबईच्या हाफकिनने हे काम पिढ्यान् पिढ्या केले. त्या लसीची ताकद उंदरांवरच तपासतात. एक मिलिलिटर लस नागाचे आणि घोणसाचे प्रत्येकी ०.६ आणि मण्यार व फुरश्याचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष मारते की नाही, ते उंदीर जगतो की मरतो यावरून ठरते. आज ही तपासणी पर्याय तयार नसताना थांबवली तर मरणारा माणूस कोण असेल हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथेही एक गोम आहे. या लसीसाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतांत वेगळे असते, असे संशोधक सांगत आले आहेत. म्हणजे उंदीर तिथल्या सापाच्या विषातून वाचला, तरी इथल्या सापाचे काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा आमचे भांडण उंदराशी नाही आणि उंदरावर प्रयोग करणाऱ्याशीही नाही. ज्याला हे औषध अंगावर घ्यायचे आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारून झाल्यावर 'सुरक्षित' असा शिक्का मारतात, त्या शिक्क्याशी आहे.

मग पर्याय आहेत का? आहेत, आणि ते हवेतले नाहीत. औषध माणसाच्या कातडीतून किती आत जाते हे शस्त्रक्रियेतून उरलेल्या मानवी कातडीच्या तुकड्यावर मोजण्याची पद्धत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर जळजळ तपासण्याची पद्धत २०१० पासून आहे. आपल्या भारतीय औषधकोशाच्या २०१८ च्या आवृत्तीनेही इंजेक्शनातली ताप आणणारी द्रव्ये सशाला टोचून पाहण्याऐवजी परीक्षानळीत तपासण्याची सोय केली. श्वासाचे म्हणाल तर मानवी श्वासनलिकेच्या पेशींचा थर वाढवून त्यावर थेट रसायन सोडता येते. आणि गंमत अशी की क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकासाठी अशीच मानवी पेशींवरची पद्धत घेऊन २०१८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तज्ज्ञ मंडळापुढे कोण गेले? सिंजेंटा कंपनी. उंदराला श्वासावाटे विष देऊन माणसाच्या नाका-घशाचा अंदाज नीट येत नाही, हे तिथे मांडले गेले.

हीच सिंजेंटा आमच्याकडे 'पोलो' या नावाने डायफेन्थियुरॉन विकत होती. युरोपीय संघात या औषधाला २००२ नंतर मान्यता उरली नव्हती, कंपनीच्या मायदेशात, स्वित्झर्लंडमध्ये, २००९ साली ते बंद झाले. २०२० साली यवतमाळच्या बाधितांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली, दोन विधवा आणि वाचलेला एक जण बाझेलच्या न्यायालयाच्या दारात गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे, न्यायालयाचे काम न्यायालय करील. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस यांच्यासह पाच औषधांच्या निर्यातीवरच बंदी घातली. मानवी पेशींवर नीट तपासण्याचे ज्ञान जगात आहे, पैसाही आहे. ते ज्ञान अमेरिकेतल्या माणसाच्या नाकासाठी वापरता येते, तर झरी-जामणीच्या माणसाच्या नाकासाठी का नाही? कारण इथे कोणी मागितले नाही. नोंदणी समितीने मागितले तर कंपनीला द्यावेच लागेल.

म्हणून औषधांच्या नियमांत २०२३ साली जे झाले ते कीटकनाशकांच्या नियमांतही झाले पाहिजे. पण नुसते 'उंदीर नको' असे लिहून भागणार नाही. तसे झाले तर कंपनीचा खर्च वाचेल, संगणकावरचे एक गणित जोडले जाईल आणि त्रिकोण तोच निळा राहील. उंदरांच्या जागी येणाऱ्या परीक्षेत आमच्या वावरातले प्रश्न असले पाहिजेत. बाजारात जी मिश्रणे खरोखर मारली जातात ती मानवी पेशींवर तपासा. ऊन लागल्यावर तयार होणारा पदार्थ तपासा. माणसाच्या उंचीच्या पिकात, बॅटरी पंपाने फवारताना अंगावर आणि श्वासात किती येते ते मोजा. हे शेवटचे मोजायला तर विषही लागत नाही, निरुपद्रवी रंग फवारून मजुराच्या कपड्यांवर लावलेल्या पट्ट्यांवर किती बसला ते पाहता येते.

इथे एक धोकाही सांगून ठेवला पाहिजे. उंदीर नको म्हटल्यावर काहींची नजर माणसाकडे वळते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात पैसे देऊन स्वयंसेवकांना कीटकनाशक पाजण्याचे प्रयोग झाले होते. त्यावर इतका गदारोळ झाला की अमेरिकेला २००६ साली अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारे नियम करावे लागले. आपल्या देशातला अनुभव याहून ताजा आहे. आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९-१० मध्ये वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देताना पालकांची संमती कशी घेतली गेली, यावर संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले. गरिबाची सही किंवा अंगठा किती स्वस्त असतो ते आम्हाला शिकवायला नको. मानवी पेशी म्हणजे मानव नव्हे, ही रेघ कायद्यात ठळक मारून घेतली पाहिजे.

आणि खरे बोलायचे तर माणसावरची चाचणी आमच्या जिल्ह्यात होऊन गेलेलीच आहे. २०१७ साली आठशे माणसांच्या शरीरांनी त्या पाच औषधांबद्दल साक्ष दिली. फरक एवढाच की प्रयोगशाळेत उंदीर मेला तर त्याचे वजन, मात्रा, वेळ आणि लक्षणे वहीत लिहिली जातात, पोट फाडून अवयव पाहिले जातात. आमच्या माणसांबाबत काय झाले? कोणी कोणते औषध कशात मिसळून मारले याची नोंद नीट नाही. सेंद्रिय फॉस्फेटची बाधा ओळखायला रक्तातले कोलिनेस्टरेज मोजावे लागते, आणि ती सोय त्या वेळी यवतमाळात हाताशी नव्हती, अशी ओरड तेव्हा झाली होती. उंदराच्या मरणाला जेवढी वही मिळते तेवढीही आमच्या मजुराच्या मरणाला मिळाली नाही.

वास्तविक कायद्यात याची तरतूद आहे, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. १९७१ च्या नियमांतला ३७ वा नियम उघडून पाहा. सेंद्रिय फॉस्फेट किंवा कार्बामेट गटाची औषधे नियमित फवारणाऱ्या माणसाचे कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पण तो नियम नोकरीवर असलेल्या, मालकाच्या हजेरीपटावर असलेल्या फवारणीवाल्यासाठी लिहिला आहे. आमचा मजूर आज या वावरात, उद्या त्या वावरात. त्याचा मालक कोण? त्याची नोंदवही कुठे? नियमात तो बसत नाही आणि म्हणून त्याचे रक्त कोणी तपासत नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही औषधे हाताळणाऱ्या शेतमजुराचे रक्त हंगामाआधी आणि हंगामात तपासतात, आणि एन्झाइम ठरावीक पातळीखाली गेले की त्याला त्या कामावरून हटवतात. त्यासाठी हातात मावणारे तपासणी संच जगात मिळतात, बोटाच्या एका थेंबावर काम होते. याला ना उंदीर लागतो, ना मोठी प्रयोगशाळा.

१९६८ च्या कायद्याच्या २६ व्या कलमाने विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. हा अधिकार वापरायला दिल्लीची परवानगी लागत नाही. २००८ साली नव्या कायद्याचे विधेयक आले आणि अडगळीत गेले. २०२० साली राज्यसभेत दुसरे आले, त्याचेही वर्षानुवर्षे घोंगडे भिजत पडले. मोनोक्रोटोफॉस २०१३ साली बिहारच्या शाळेत दुपारच्या जेवणातून २३ मुलांना मारून गेले, २०१७ साली आमच्याकडे सापडले, आणि त्याचे नेहमीचे द्रव रूप बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघाला २०२३ साली. नव्या कायद्याची वाट पाहत बसणाऱ्यांसाठी एवढा हिशेब पुरे.

आमची मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि कृषी विभागाकडे आहे, आणि ती मंत्रालयात जाईपर्यंत थांबायची नाही. जूनमध्ये पेरणी होते, ऑगस्टमध्ये पंप पाठीवर चढतात. त्याआधी केळापूर, मारेगाव, झरी, घाटंजी, आर्णी, कळंब या तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कोलिनेस्टरेज तपासणीचे संच पोचवावेत. सातबारा न विचारता फवारणी करणाऱ्या प्रत्येकाच्या रक्ताची हंगामापूर्वीची नोंद घ्यावी. रुग्ण आला की त्याने कोणती औषधे मिसळली होती ते डबे पाहून केसपेपरवर लिहावे. आणि २०१७ च्या त्या आठशे रुग्णांच्या कागदांतून नावे गाळून बाकीची सगळी माहिती दिल्लीच्या नोंदणी समितीपुढे ठेवावी, ज्या फायलीत त्या पाच औषधांच्या उंदरांचे आकडे आहेत त्याच फायलीत, त्या आकड्यांच्या शेजारी.